फोटोतली घागर

नांदेडच्या प्रशिक्षणात पडद्यावर एक वाक्य आलं : मुलांना इतिहास पाठ करायला लावू नका, इतिहासकारासारखा विचार करायला शिकवा. मागच्या रांगेतले शिक्षक तेव्हा मोबाईलवर शाळेची ऑनलाइन माहिती भरत होते. मी ते वाक्य उतरवून घेतलं आणि त्याखाली लगेच कामांची यादी केली. यादीशिवाय मला काही सुचत नाही. घरी फ्रिजवर आठवड्याची यादी असते, पर्समध्ये दिवसाची. चहाच्या सुट्टीत मी मार्गदर्शकांना विचारलं, "सर, ह्याचे गुण कशात धरायचे?" त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणाले, "गुणांचं सोडा मॅडम. करून तर बघा."

मी करून बघितलं. त्यात एका बाईचं काम गेलं. ते परत मिळालं तेव्हा त्याची किंमत तिच्या पोरीने भरली. मार्गदर्शक आता दुसऱ्या विषयाची प्रशिक्षणं घेतात असं ऐकते.

माझी शाळा लातूरच्या कडेला आहे. औशाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागण्याआधी ज्या नव्या-जुन्या वस्त्या लागतात, तिथली मुलं आमच्याकडे येतात. शाळा एका संस्थेची. संस्थेचे अध्यक्ष वर्षातून दोनतीनदा येतात, तेव्हा व्हरांडा धुतला जातो. मी आले तेव्हा माझ्यामागे किनवटच्या वसतिगृहाच्या शाळेतली काही वर्षं होती. तिथे मुलं एवढी लाजरी की नाव विचारलं तरी खांबामागे जायची. इथली तशी नव्हती. इथल्या सातवीला बोलायला विषय लागत नव्हता, बोलणं थांबवायला शिक्षक लागत होता. म्हटलं, ह्यांना प्रश्न विचारायला शिकवू. तेवढंच बोलण्याला वळण लागेल.

चार प्रश्न मी फळ्याच्या वरच्या कडेला कायमचे लिहून ठेवले. हे कोण सांगतंय? त्याला ते कसं माहीत? कधी सांगतंय, तेव्हा की नंतर? आणि हे सांगण्यात त्याचा फायदा आहे की तोटा? चौथा प्रश्न मुलांना सगळ्यात आवडला. कारण घरी तो कुणालाही विचारता येत होता.

पहिला सराव खिचडीवर झाला. एका शुक्रवारी दुपारची खिचडी खारट झाली होती. मी सगळ्यांना वेगवेगळं लिहायला लावलं की काय झालं, कुणामुळे झालं. निम्म्यांनी लिहिलं मीठ दोनदा पडलं. काहींनी लिहिलं, तांदूळच मीठ लागलेला आला होता. एकाने लिहिलं, खारट नव्हतीच, बाकीच्यांना माज आलाय. मग आम्ही ज्यांनी खिचडी केली त्यांनाच वर्गात बोलावलं.

त्यांना शाळेत सगळे मावशी म्हणायचे. वयाने त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण स्वयंपाकघरात उभी राहिली की बाई मावशी होते. नवरा पुण्याकडे कंपनीत, सणावाराला येणारा. घर ह्या कामावर चाललेलं. आणि हे काम म्हणजे दर जूनला नव्याने द्यायचं. शाळेच्या समितीने हो म्हटलं तर पुढचं वर्ष, नाही म्हटलं तर दुसरा बचत गट तयारच. त्यांची मुलगी माझ्याच सातवीत होती, तिसऱ्या बाकावर.

मावशी पदराला हात पुसत फळ्यापाशी उभ्या राहिल्या. मुलाखतीचा नियम मी मुलांना आधीच घालून दिला होता : समोरचा कुणीही असो, घरचा असला तरी, त्याला अहो-जाहो करायचं. उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही. तो बोलेल तसंच लिहायचं. त्यामुळे तिसऱ्या बाकावरून मुलगी उठली आणि आईला म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या दिवशी मीठ किती टाकलं होतं?" वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला.

मावशीही हसल्या. म्हणाल्या, "जास्तच पडलं, माय. मीठ टाकलंय हे इसरले आन् पुन्हा टाकलं. माजंच चुकलं."

त्या गेल्यावर मी विचारलं, कुणाचं म्हणणं जास्त भरवशाचं? मागून एक पोरगा म्हणाला, "मावशींचं. कामून की त्यायला सांगण्यात तोटाच हाय." मी त्या दिवशी घरी जाताना बेकरीतून खारी घेतली. असं मी सहसा करत नाही.

पुढचा विषय मुलांनीच काढला. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. ही मुलं तेव्हा अंगणवाडीतली. कुणाला फक्त निळ्या ड्रमवर बसल्याचं आठवत होतं, कुणाला आंघोळीऐवजी ओल्या फडक्याने पुसल्याचं. म्हणजे घटना एवढी जवळची की साक्षीदार प्रत्येक घरात, आणि एवढी लांबची की स्वतःच्या आठवणीवर भरवसा नाही. मला ह्यापेक्षा चांगला धडा सापडला नसता. मी यादी केली : घरातल्या मोठ्यांच्या मुलाखती, त्या वेळचे फोटो असतील तर फोटो, अजून जपलेली भांडी असतील तर त्यांची चित्रं. शेवटी सगळ्यांचा मिळून भिंतीवर तक्ता.

मुलाखती आल्या त्या वाचण्यासारख्या होत्या. एकीच्या आजीने सांगितलं होतं की त्या उन्हाळ्यात पाहुणा येताना दिसला की त्या दार लोटून घ्यायच्या, पाण्याचा तांब्या पुढे करावा लागेल म्हणून. एकाच्या आजोबांनी पहिल्या प्रश्नालाच अट घातली होती. पोराने नियमाप्रमाणे जसंच्या तसं लिहिलं होतं : "आधी तंबाखूची पुडी आण, मग इतिहास सांगतो." पुडी आणल्यावर आजोबांनी सांगितलं, "साहेबांनी पाणी दिलं. आमच्या गल्लीला रोज सकाळी दिलं. नाव ठेवायला जागा न्हाई." साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या बंगल्याच्या मागे बोअर होतं आणि आजोबांची गल्ली बंगल्याला लागून होती.

"मॅडम, साहेबांचा फोटो हाय की आपल्याकडं," कुणीतरी म्हणालं. होता. हॉलमध्ये, रंगमंचाच्या डाव्या बाजूला, मोठ्या चौकटीत. अध्यक्ष नळीने एका बाईच्या घागरीत पाणी सोडताहेत. मागे 'जलदान' लिहिलेला फलक. त्यांच्या डोक्यावर कुणीतरी छत्री धरलेली. दर कार्यक्रमाला आम्ही त्या फोटोखाली बसत आलो होतो आणि एकदाही त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

"आन् त्यातली बाई माजी आई हाय," तिसरा बाक म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं. मुलींना माहीत होतं. ती पाचवीत शाळेत आली तेव्हापासून मैत्रिणींना हॉलमध्ये नेऊन दाखवायची. मुलं तिला त्यावरून चिडवायची, "आली बघ हिरोइनची पोरगी."

मी वर्ग हॉलमध्ये नेला आणि फोटोखाली बसवला. म्हटलं, घाईने काही म्हणू नका. जे दिसतं तेवढंच सांगा. पहिल्यांदा साहेबांचे कपडे, छत्री, फलक असं आलं. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खाली चिखल न्हाई." पाणी भरायच्या जागी त्या वर्षी सगळ्यात आधी चिखल व्हायचा, हे तिच्या आईने मुलाखतीत सांगितलं होतं. खाली फरशी कोरडी ठणठणीत होती. मग दुसरा म्हणाला, "लाइन कुठंय?" बाईच्या मागे कुणीच नव्हतं. मग सगळेच उठून फोटोला नाक लावायला लागले आणि तंबाखूवाल्या आजोबांचा नातू ओरडला, "आरं, घागर बग की! स्टीलची हाय!"

बाहेरच्या माणसाला ह्यात काय ते कळणार नाही. त्या वर्षी लातुरात स्टीलची घागर घेऊन पाण्याला कुणी जात नव्हतं. जड, कमी पाणी मावणारी, रेटारेटीत चेपणारी. लोक प्लास्टिकचे ड्रम न्यायचे, रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, कॅन, कोल्ड्रिंकच्या बाटल्या पोत्यात भरून. बाळाचा टब नेलेला मी स्वतः पाहिला आहे. आणि फोटोतली घागर लग्नात रुखवतावर मांडावी तशी चकचकीत, गळ्याला हळदीकुंकवाची बोटं.

"म्हणजे फोटो खोटा हाय का, मॅडम?"

"फोटो खोटा नसतो," मी म्हटलं. "फोटोला काय विचारायचं ते आपल्याला कळलं पाहिजे. कशासाठी काढला असेल?"

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने पेन काढलं. तिने वहीत लिहून घेतलं : आईला विचारणे.

दुसऱ्या दिवशी तिने जे लिहून आणलं ते मी तिथेच उभ्याने वाचलं. भाषा आईचीच होती. "त्या दिवशी मी निळा कॅन घेऊन गेलते. बंगल्याच्या गेटवरच्या माणसानं आमच्या वस्तीच्या बायकांला रोज परत लावलं व्हतं. त्या दिवशी म्हणला, तू ये. मला वाटलं, पाणी दिऊन राहिले. आत गेले तर कॅन बाजूला ठेवायला लावला आन् हातात घागर दिली. घागर साहेबांच्या घरची. म्हणले, पदर घे, साहेबांकडं बघ. फोटो झाला. मग घागर परत घेतली. पाण्यासकट घेतली. मी म्हणलं, कॅनमदी तरी वता. म्हणले, उद्या ये. उद्या कुणी आत सोडलं न्हाई."

चौथ्या प्रश्नापुढे मुलीने लिहिलं होतं : तोटा.

मी ते भिंतीवर लावायच्या आधी स्वयंपाकघरात गेले. मावशी डाळ निवडत होत्या.

"मावशी, पोरीने लिहून आणलंय ते वाचलं."

"खरं हाय ते."

"खरं आहे हे मला पटलं. तक्त्यावर लावायचं का, ते विचारायला आलेय. तक्ता साहेबांच्या नजरेला पडेल. तुमचं काम त्यांच्या हातात आहे. विचार करून सांगा, आजच सांगा असं नाही."

त्यांनी डाळीतून हात काढला नाही. "ती पोरींला सांगत फिरायची, माजी आई फोटोत हाय. मला लई लाज वाटायची बाई. तोंड उघडता येईना. आता तिनंच इचारलं, तर सांगितलं. लावा."

"नाव नको घालूया. 'वस्तीतली एक महिला' असं लिहू."

"फोटोत माजं तोंड हाय की! नाव काढून काय व्हतंय?"

तरीही मी नाव घातलं नाही. शेजारी आजोबांची मुलाखत लावली, कारण तीही खरी होती. तक्त्याच्या खाली मुलांनी बराच वाद घालून निष्कर्ष लिहिला : "पाणी दिलं. सगळ्यांना दिलं नाही. फोटो वेगळ्या कारणासाठी काढलेला दिसतो." बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी 'दिसतो' असा शब्द वापरला होता, 'आहे' म्हटलं नव्हतं. इतकी सावध वाक्यं मी आमच्या शिक्षकखोलीत कधी ऐकलेली नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी मुख्याध्यापक सरांनी रांगोळी तपासली, हार तपासले, माइक तपासला. तक्ते त्यांनी लांबून मोजल्यासारखे पाहिले. तक्ते वाचायचे नसतात, ते असायचे असतात. विज्ञानाचा ज्वालामुखी, मराठीचे सुविचार, इंग्रजीची झाडाच्या आकारातली क्रियापदं, ह्यांच्यापुढून अध्यक्ष दोन्ही हात मागे बांधून सरकत आले. आमच्या तक्त्यापाशी थांबले. मी नोकरीला लागल्यापासून मुलांचा तक्ता शेवटपर्यंत वाचणारा पाहुणा हा एकच पाहिला.

वाचून झाल्यावर ते माझ्याकडे वळले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहून हसले.

"शाब्बास. हे तू लिहिलंस?"

"आम्ही सगळ्यांनी, साहेब. आईचं मी लिहिलं."

"छान. अक्षर छान आहे. आई कुठं असते तुझी?"

"हितंच असते की! खिचडी करते," ती म्हणाली. अभिमानाने म्हणाली.

ते परत हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ज्वालामुखीविषयी काहीतरी विचारत पुढे गेले.

आरडाओरडा झाला नाही. मला बोलावणं आलं नाही. पुढच्या आठवड्यात मावशी सकाळी आल्या तर चूल पेटलेली होती आणि दुसऱ्याच दोघी बायका तांदूळ धूत होत्या. त्यांना म्हणे आदल्या दिवशी निरोप होता. मावशींना निरोप द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या शाळेच्या दारात पिशवी धरून उभ्या राहिल्या. मुलीची प्रार्थनेची रांग तिथूनच जात होती.

मी सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

"सर, मावशींना का काढलं?"

"स्वच्छतेच्या तक्रारी होत्या, मॅडम."

"कुणाच्या? मला एक दाखवा. वर्ष संपायच्या आत बदलायची काय गरज होती? तक्त्यामुळे काढलंय हे मला कळतं आणि तुम्हालाही."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. सावकाश लावलं. "पुरावा काय तुमच्याकडं? तुम्हीच शिकवता ना पोरांना, पुराव्याशिवाय बोलायचं नाही म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही नांदेडला जाऊन आलात, चांगलं आहे. पण संस्था कशी चालते ते तिथं शिकवलं नाही वाटतं."

मी अर्ज लिहिला. मुद्देसूद, क्रमांक घालून, जसा मला लिहिता येतो तसा. सह्यांसाठी शिक्षकखोलीत ठेवला. दुपारपर्यंत त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला, त्याचा गोल तेवढा उमटला. गणिताचे सर म्हणाले, "तुम्ही इतिहासावर थांबायचं होतं मॅडम. ह्या तर चालू घडामोडी झाल्या." सगळे हसले. मीही हसले असते, वाक्य चांगलं होतं. अर्ज मी एकटीच्या सहीने वर शिक्षण विभागाकडे पाठवला. उत्तर आलं की हा शाळास्तरावरचा विषय आहे, शाळास्तरावर निर्णय घ्यावा.

मुलगी शाळेत येत राहिली. दुपारी खिचडीच्या रांगेत उभी राहायची आणि नव्या बायकांसमोर ताट धरायची. कुणी चिडवत नव्हतं. चिडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. वर्गात ती अजूनही हात वर करायची. एकदा तास संपल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, आईचं म्हणणं खरं ठरलं ना? तिला खरंच तोटा झाला." मी म्हटलं, "खरं ते आधीही होतं."

काही आठवड्यांनी मावशी माझ्या घरी आल्या. बसा म्हटलं तर टेकल्या फक्त.

"बाई, मी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आले."

"कुणी बोलावलं होतं?"

"कुणी न्हाई. मपली मीच गेले. घरात किती दिवस बसू? बाईसाहेब चांगल्या हायत. म्हणल्या, साहेबांची एकसष्टी शाळेत करून राहिलेत, त्या दिवशी दोन शब्द बोल. काम कुटं जात न्हाई."

"काय बोलायचं ते सांगितलं का?"

"ते काय सांगावं लागतंय व्हय?" त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मी बोलणार हाय बाई. तुमी मदी पडू नका. आधीबी मीच बोलले, आताबी मीच बोलून राहिले. तुमच्यावर येत न्हाई काई."

मी म्हटलं, "पोरीला सांगितलंत?"

"तिला काय सांगायचंय? लेकरू हाय. बसंल खाली."

एकसष्टीच्या दिवशी हॉल भरला होता. चौकटीतल्या फोटोला झेंडूची माळ घातली होती. आमच्यातल्या एका शिक्षकाने मानपत्र वाचलं, त्यात अध्यक्षांची तुलना नदीशी होती. मग निवेदक म्हणाले, आता त्या दुष्काळाच्या एक साक्षीदार बोलतील. मुलांना हा शब्द माझ्यामुळे ओळखीचा होता. सातवीच्या रांगेत हालचाल झाली.

मावशींनी नवी साडी नेसली होती. माइक उंच होता, तो कुणी खाली केला नाही. त्या मान वर करून बोलल्या. "त्या साली आमच्या घरात पाण्याचा थेंब न्हवता. साहेबांनी घागर भरून दिली. तवा आमची लेकरं जगली. त्यांचे उपकार फिटायचे न्हाईत." चार वाक्यं. टाळ्या झाल्या. त्या उतरायला वळल्या आणि सातवीच्या रांगेतून हात वर आला.

हात वर आला की परवानगीची वाट बघायची, हेही मीच शिकवलेलं. तिने वाट पाहिली. निवेदकाला वाटलं, मुलीला आईसाठी काही गोड बोलायचंय. तो कौतुकाने म्हणाला, "बोल बाळ."

ती उभी राहिली. "तुम्ही आधी सांगितलं होतं की घागर पाण्यासकट परत घेतली. आता वेगळं सांगून राहिलात. तुम्हाला हे कधी आठवलं?"

आईला ती तुम्ही म्हणाली. मुलाखतीच्या नियमाने. मी मागच्या बाजूला उभी होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मावशींचा दिसत होता. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा मुख्याध्यापकांकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तवा इसरले व्हते," त्या म्हणाल्या. माइकपासून लांब होत्या, पण ऐकू गेलं.

मुलगी खाली बसली. मुख्याध्यापक उठायच्या बेतात होते, तोवर अध्यक्षच हसत माइकवर आले. "हुशार पोरगी आहे. वकील होईल. अशा मुली तयार करणं हेच आपल्या संस्थेचं ध्येय." त्याच्यावर आधीपेक्षा मोठ्या टाळ्या झाल्या. मावशी टाळ्या संपेपर्यंत पायरीवरच उभ्या होत्या. खाली उतरायचं की तिथेच थांबायचं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी चुलीपाशी त्या होत्या. दोघी बायकांना दुसऱ्या शाळेत पाठवलं म्हणाले. तक्ता मी काढायच्या आधीच काढलेला होता. टाचण्या मात्र व्यवस्थित डबीत भरून माझ्या टेबलावर ठेवलेल्या होत्या. मला शनिवारचा जो तास परिसराच्या इतिहासासाठी मिळाला होता तो शिष्यवृत्तीच्या सरावाला गेला. मी वेळापत्रकात खाडाखोड न करता नवा कागद चिकटवला. फळ्याच्या वरचे चार प्रश्न मी पुसले नाहीत. रंगकाम निघालं तेव्हा ते रंगाऱ्याने पुसले.

मुलगी त्या सोमवारपासून डबा आणायला लागली. रांगेत जायचं सोडलं. मैत्रिणी ताटं घेऊन बसायच्या आणि ही बाजूला डबा उघडायची. डबाही आईच्याच हातचा, पण तो घरी भरलेला. मावशी स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. एकदा मी जवळ होते तर म्हणाल्या, "घरीबी बोलत न्हाई. काई इचारलं की म्हणती, तुमचं आधीचं लिहू का नंतरचं? मला तुमी-तुमी करती, बाई. पोटच्या पोरीनं." मी म्हटलं, मी तिच्याशी बोलते. त्या म्हणाल्या, "नका बोलू. तुमचं लई ऐकती ती. म्हणून तर."

वार्षिक परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, इतिहासाची साधने कोणती ते लिहा. तिने भौतिक, लिखित, मौखिक असे तीन भाग केले, खाली रेघा मारल्या. मौखिक साधनांत ओव्या, लोकगीते, लोककथा लिहिल्या. पुस्तकात आहेत तशा, त्याच क्रमाने. कुणी सांगितलेली एखादी आठवण, एखादी मुलाखत, त्यातलं काही नाही. पूर्वी ती उत्तराच्या शेवटी कंसात स्वतःचा प्रश्न टाकायची, 'पण हे कशावरून?' असा, आणि मी त्याला अर्धा गुण जास्त द्यायचे. तोही नव्हता. मी पेपर पुन्हा वरपासून वाचला. कुठे लाल पेन टेकवायला जागा नव्हती.

निकालाच्या दिवशी पालक सही करून प्रगतिपत्रक नेतात. मावशी शेवटी आल्या, मोठं पातेलं घासून, कोपरापर्यंत ओल्या. जूनसाठी त्यांच्या नावाला समितीची मंजुरी आली होती, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग सही करताना विचारलं, "इतिहासात पास हाय न्हवं?"

"पहिली आहे."

"मग झालं की." त्यांनी प्रगतिपत्रक ओलं होऊ नये म्हणून पदरात धरलं आणि दारात थांबल्या. "आठवीला तुमीच हाव का बाई तिला?"

"हो. इतिहास माझ्याकडेच आहे."

"हिला पुस्तकातलंच शिकवा," म्हणाल्या, आणि पातेलं पालथं घालायचं राहिलं होतं म्हणून परत स्वयंपाकघराकडे गेल्या.